मागच्या खोलीतली अळी

१

कीड-निदान केंद्रात सगळे तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे अळीबाई. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. काम तेच होतं. लोक रानातून, बागेतून, गच्चीवरच्या कुंड्यांतून अळ्या धरून आणत. जॅमच्या बाटलीत, डब्यात, रुमालाच्या गाठीत. एका गृहस्थांनी तर चष्म्याच्या घरात घालून आणली होती. अळीबाई ती भिंगाखाली धरी, नाव सांगे, काय खाते ते सांगे, मारायची की सोडून द्यायची तेही सांगे. आणणाऱ्याचं पालुपद मात्र ठरलेलं असे: "मॅडम, रानात होती तेव्हा याच्या दुप्पट होती."

त्यामुळे त्या सकाळी फोनवरची बाई "हातभर अळी आहे" म्हणाली, तेव्हा अळीबाईनं मनातल्या मनात हाताचं बोट करून घेतलं.

"शेजारी काहीतरी ठेवून फोटो पाठवा," ती म्हणाली. "काडेपेटी, पेन, काहीही. म्हणजे अंदाज येतो."

फोटो आला. लिंबाच्या झाडाखाली अळी पडली होती आणि शेजारी पुरुषाचा बूट ठेवलेला होता. अळी बुटाहून लांब होती.

अळीबाईनं फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. हल्ली फोनवर कशालाही काहीही करता येतं, हे तिला माहीत होतं. बूट बाहुलीचा असेल, असंही मनात येऊन गेलं. पण तिची नजर पुन्हा पुन्हा अळीवरून सरकून मागच्या झाडावर जात होती. एवढ्या देहाच्या अळीनं ते झाड एका दिवसात खराट्यासारखं करून ठेवलं असतं. फोटोतलं एकही पान कुरतडलेलं नव्हतं.

"कोणीतरी थट्टा करतंय," केंद्राचे साहेब म्हणाले. "तरी जाऊन या. तुम्हालाही जरा बाहेरची हवा लागेल."

नवरा गेल्यापासून सगळे तिच्याशी असेच बोलत, आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखे. तिचा नवरा चष्मेवाला होता. गल्लीच्या तोंडाशी दुकान होतं. "तू बारीक बघ, मी लांबचं बघतो," म्हणायचा. लांबचं काही त्याला दिसलं नाही. दुकानातच छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत आटोपलं. वर्ष व्हायला आलं होतं, तरी अळीबाईला रोज सकाळी न्हाणीघरात नळ मोठा सोडून रडावं लागे. त्याशिवाय दिवस सुरू होत नसे. रविवारी लेक यायची. तिला घरात अजूनही चिमणी म्हणत, पंचविशी उलटली तरी. मग दोघी मायलेकी गळ्यात पडून रडत, आणि रडता रडता कुणीतरी त्याचीच एखादी नक्कल करी आणि दोघींना हसू फुटे. ते रडणंही तिला आता हवंसं झालं होतं. त्यात तो होता.

२

बस फाट्यावर सोडून गेली. तिथून कच्चा रस्ता. दोन्हीकडे रान चांगलं वर आलेलं होतं, हिरवंगार, पण चालताना तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की एकही पाखरू बोलत नव्हतं. ऊन फार आहे, तिनं स्वतःला सांगितलं. दुपारच्या वेळी पाखरंसुद्धा सावली धरतात.

घराच्या दाराशी कुत्रा पडला होता. तो उठला नाही, भुंकला नाही. डोळे उघडे होते. मेलेला असावा असं वाटलं, पण पोट हळूहळू हलत होतं.

फोन केलेली बाई दारात आली. साठीची, उंच, केस घट्ट बांधलेले. मागून तिचा थोरला भाऊ आला. त्याच्या पायात फोटोतलेच बूट होते. म्हणजे बूट बाहुलीचा नव्हता. घर लांबोडकं होतं आणि बरोबर मधोमध विटांची भिंत घातलेली होती. दोन दारं, दोन स्वयंपाकघरं. भिंतीला अलीकडेच माणूस जाईल एवढं भगदाड पाडलेलं होतं. खालच्या विटा तशाच पडल्या होत्या. जाता-येता दोघं त्या ओलांडत होते.

"वडील गेल्यावर ही भिंत घातली," बहीण म्हणाली. "विहिरीवरून वाद होता. माझे यजमान गेले तेव्हा दादा दारातसुद्धा आला नाही."

"नाही आलो," भाऊ म्हणाला.

"मग मिटलं कसं?"

"अळी सापडली. मला वाटलं तिच्या हद्दीत आहे, तिला वाटलं माझ्या. मग दोघांनी मिळून आत आणली."

"चांगलं झालं," अळीबाई म्हणाली. "भांडण मिटलं ना?"

भावानं यावर जरा विचार केला. "मिटलं असं नाही म्हणता येणार. कशावरून होतं ते सगळं आठवतं. राग तेवढा आठवत नाही."

आपली छत्री कुठे ठेवली ते आठवत नाही, असं सांगावं तसं त्यानं सांगितलं. बहिणीनं मान हलवली. तिचीही तीच गत असावी.

"काय खायला घालता तिला?"

"काही नाही खात."

"लेंड्या पडत असतील की."

"नाही पडत."

अळीबाईला बरं वाटलं. न खाणारी, न हगणारी अळी म्हणजे कोषात जायला निघालेली अळी. शास्त्रात बसत होतं.

३

मागच्या खोलीत पडदे ओढलेले होते. पलंगावर चादर होती आणि चादरीखाली लांबट उंचवटा.

"पलंगावर का ठेवलीत?"

"खाली गार लागेल," बहीण म्हणाली.

अळीबाईनं पिशवीतून भिंग काढलं, चिमटा काढला, हातमोजे घातले. चादर पायाकडून वर केली. अंगाचा रंग लिंबाच्या जून पानासारखा होता, कातडी ताणून भरलेली. बोट लावलं आणि तिनं हात मागे घेतला. अळी हाताला गार लागते. ही गरम होती. तापलेल्या लेकराच्या कपाळासारखी, मोज्यातूनही कळेल एवढी. तिनं खाली-वर चाचपून पाहिलं. गरम पाण्याची पिशवी वगैरे काही ठेवलेलं नव्हतं.

पोटाचे पाय मोजू लागली. अळीला असे पाय थोडेच असतात, आणि किती व कुठे यावरून तिचं कूळ ठरतं. हिला ते शेवटपर्यंत होते, सगळीकडे, आणि ते चादरीला नुसते चिकटलेले नव्हते. त्यांनी चादर मुठीत धरली होती.

ओळख पटवायची तर डोकं पाहायला हवं. ती उशाकडे गेली. डोकं दिसत नव्हतं. ते उशीखाली खुपसलेलं होतं, उजेड नको असलेला माणूस खुपसतो तसं. तिनं उशीला हात घातला, आणि मग काढून घेतला. का, ते तिला सांगता आलं नसतं. जरा वेळानं बघू, एवढंच वाटलं.

तेव्हा तिला श्वास ऐकू आला. सावकाश, खोल. अळीला फुप्फुसं नसतात. अंगाच्या कडेनं बारीक भोकं असतात, त्यांतून हवा आपली आपण ये-जा करते, आवाज होत नाही. तिनं वळून पाहिलं. भाऊ-बहीण दारात उभे होते. त्यांचाच असणार.

"आम्ही चहा ठेवतो," म्हणून ती दोघं गेली. श्वास चालूच राहिला.

अळीबाईनं आपला श्वास रोखून धरला. आवाज थांबला. तिनं श्वास सोडला, आवाज पुन्हा सुरू झाला. म्हणजे माझाच, ती मनाशी म्हणाली. शास्त्राच्या माणसाला एवढा पुरावा पुरे होता. तिनं कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि अळी हलते का ते बघत बसली.

बसल्या बसल्या तिला दवाखान्यातला तो बोळ आठवला. रोजच आठवायचा. बाकडं, भिंतीवरचा पोपटी पट्टा, डॉक्टरांचे ओले हात. रोज त्या ओल्या हातांपाशी तिला रडू फुटायचं. आज हात आले आणि गेले. बोळ संपला. मग दुकान आलं, तेही गेलं. पुस्तकाची पानं वाऱ्यानं उलटावीत तसं एकेक येत होतं आणि पुढे जात होतं, आणि ती बघत होती. त्रास काहीच होत नव्हता. उलट पाठीचा दुखरा भाग कुणीतरी दाबून द्यावा तसं वाटत होतं.

"चहा गार झाला," बहीण दारातून म्हणाली. पडद्याच्या एका कडेचं ऊन दुसऱ्या कडेला गेलं होतं.

४

त्या रात्री तिला गाढ झोप लागली. सकाळी न्हाणीघरात तिनं सवयीनं नळ मोठा सोडला आणि उभी राहिली. बादली भरून वाहू लागली. मग तिनं नळ बंद केला.

ऑफिसात साहेबांनी विचारलं, "काय निघालं?"

"ओळख पटली नाही. डोकं पाहता आलं नाही."

"अहो, मग काय पाहिलंत?" साहेब हसले. तीही हसली, हसायला हवं होतं म्हणून.

रविवारी लेक आली. दारातच पिशव्या रांगेनं लावलेल्या पाहून थबकली. एका पिशवीतून निळ्या शर्टाची बाही बाहेर आली होती.

"आई, हे बाबांचे कपडे आहेत."

"हो. पडून होते. कुणाच्या तरी कामी येतील."

"सगळे?"

"जागा अडत होती."

लेक पिशवीपाशी खाली बसली. बाही हातात धरून रडू लागली, आधी आवाज न करता, मग हुंदके देऊन. अळीबाई बघत होती. नाकाच्या शेंड्यावर थेंब जमतो, जड होतो, सुटतो. खालचा ओठ आधी थरथरतो, मग वाकडा होतो. रडण्याचा हा क्रम तिनं आधी कधी नीट पाहिलाच नव्हता.

"आई," लेक म्हणाली, "तू माझ्याकडे अशी का बघतेस?"

अळीबाईनं पुढे होऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवायला हवा होता.

५

काळ हे औषध आहे, सगळेच म्हणतात. दुःख कधीतरी ओसरतंच, आणि ओसरलं की माणसाला वाटतं आपल्याला काहीतरी झालंय. अळीबाईनं आपल्या मनाला हे चार दिवस समजावलं. मग ती दवाखान्यात गेली. आजारी म्हणून नाही, परीक्षा म्हणून. त्या बोळातल्या त्याच बाकड्यावर जाऊन बसली. समोर पोपटी पट्टा होता. थोड्या वेळानं डॉक्टर एका बाईपाशी आले, हळू आवाजात काहीतरी बोलले, आणि ती बाई बसल्या जागी मिटली. तिचा आवाज बोळभर गेला. लोकांनी माना खाली घातल्या. अळीबाईच्या मनात आलं, ही ओरडताना मान डावीकडे टाकते.

घरी येताना तिनं आणखी एक गोष्ट करून पाहिली. नवऱ्याचा आवाज आठवायला गेली. तो काय काय बोलायचा ते सगळं आठवलं. आवाज नव्हता. टाळं आहे, किल्ली आहे, दारापाशी उभे आहोत, आणि आत खोलीच नाही, असं काहीतरी.

तिला भीती वाटायला हवी होती. तेवढं तिला कळत होतं; कळण्याला धक्का लागलेला नव्हता. त्या कळण्याच्याच जोरावर तिनं ठरवलं. अळीची ती मागची खोली बंद व्हायला हवी. दुसऱ्या कुणी तिथे बसता कामा नये. केंद्रातून तिनं अळी मारायची स्पिरिटची मोठी बाटली आणि सुई घेतली. एवढ्या मोठ्या देहाला ते पुरेल की नाही, याचा ती शांतपणे अंदाज बांधत होती.

"मी नेते गाडीनं," आई पुन्हा तिकडे निघालेली पाहून लेक म्हणाली. "तू हल्ली धड नाहीस. एकटीला सोडणार नाही मी."

"तू गाडीतच थांबशील?"

"थांबेन."

"शब्द दे."

"दिला. आई, काय झालंय तुला?"

"कुठे काय," अळीबाई म्हणाली.

६

कुत्रा दाराशी तसाच पडला होता. पोट हलतं आहे का, ते तिनं पाहिलं नाही.

भाऊ आणि बहीण एकाच बाजेवर शेजारी शेजारी बसली होती, बस यायची वाट बघत बसल्यासारखी. दोघांच्याही गळ्याची हाडं वर आली होती. भावाच्या पायातले बूट सैल झाले होते.

"जेवता का नीट?"

"आठवण झाली की," बहीण म्हणाली. "तिनं कात टाकली. ती बघा."

खुर्चीच्या पाठीवर काहीतरी पांघरुणासारखं टाकलेलं होतं, पातळ, कोरडं. दोन्ही टोकं जमिनीला लागत होती.

तेवढ्यात मागच्या खोलीत कुणीतरी घसा साफ केला. दोनदा थोडंसं, मग एकदा लांब.

"हे नवीन," भाऊ म्हणाला. "तुम्ही येऊन गेल्यापासून."

अळीबाई जागीच थांबली. दुकानाचं शटर वर करायच्या आधी तिचा नवरा असाच घसा साफ करायचा. शेजारचे दुकानदार त्याच्यावर घड्याळं लावतात, अशी थट्टा चालायची. आवाज त्याचाच होता. तिला तो ओळखू आला, जशी एखादी अळी पहिल्या नजरेत ओळखू यावी: नेमका, शंका न ठेवता. आत मात्र काहीच हललं नाही.

"बाबा?"

मागे दारात लेक उभी होती. गाडी तापली म्हणून उतरली असेल, की उशीर झाला म्हणून. ते विचारायला वेळ मिळाला नाही. ती आईच्या अंगावरून पुढे गेली, भगदाडातून, विटा तुडवत.

अळीबाई तिच्या मागे गेली आणि खोलीच्या दाराशी थांबली. लेक पलंगाशी गुडघ्यांवर बसली होती. चादर तिनं बाजूला केली होती. उशी हळूच वर उचलली जात होती. लेकीचा चेहरा दारातून स्पष्ट दिसत होता. गालांवर पाण्याच्या धारा लागल्या होत्या आणि ती हसत होती. इतक्या महिन्यांत अशी हसली नव्हती.

"मला वाटलं तुम्ही..." ती म्हणाली.

आता आत जायचं, तिला दंडाला धरायचं आणि ओढून बाहेर काढायचं. अळीबाईला हे सगळं स्वच्छ कळत होतं. तिनं पायाला सांगितलं. बधिर झालेल्या पायाला सांगावं तसं पुन्हा सांगितलं. पण ते करायला जे लागतं, ते कुठेतरी होतं आणि हाताला लागत नव्हतं.

"राहू द्या तिला जरा वेळ," बहीण मागून म्हणाली. "बरं वाटतं."

लेकीच्या गालावरच्या धारा कमी झाल्या. मग नुसते ओघळ राहिले. हसू हळूहळू विरत होतं, आणि त्याच्या जागी काही येत नव्हतं.

शेवटी अळीबाई आत गेली. मायेनं गेली असं म्हणता येणार नाही. काम अर्धं टाकू नये म्हणून गेली. हातातली बाटली उंबऱ्यावरच राहिली. तिनं लेकीला काखेत हात घालून उभं केलं आणि ओढलं. लेकीनं पलंगाचा कठडा धरून ठेवला, मग सोडला. पलंगाकडे बघायचं नाही असं अळीबाईनं ठरवलं होतं, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून थोडं दिसलंच. प्रत्येक अळीच्या डोक्यावर वरून खाली एक रेघ असते, मधोमध, भांगासारखी. ही मधोमध नव्हती. एका बाजूला होती, आणि त्या बाजूचा नवऱ्याचा भांग ती लग्न झाल्यापासून रोज सकाळी आरशात आपल्या खांद्यामागे पाहत आली होती.

ती भगदाडातून बाहेर आली तेव्हा खोलीत पुन्हा घसा साफ केल्याचा आवाज झाला. त्याच्यापाठोपाठ एक बारीक, फुटका हुंदका. तरुण बाईचा.

भाऊ बहिणीकडे बघून म्हणाला, "हे आणखी एक नवीन."

७

लेकीनं गाडी सुरू केली. रानातून डांबरी रस्त्याला आणली. आरसा नीट केला. पुढे ट्रॅक्टर होता, त्याला शिस्तीत जागा दिली.

अळीबाई तिच्याकडे बघत होती. आता रडेल, तिला वाटत होतं. फाटा ओलांडला की रडेल. गाव दिसू लागलं की रडेल. नाहीतर भांडेल, तू दगड आहेस म्हणेल, मला का ओढून आणलंस म्हणेल. काहीही चाललं असतं. काचेवर धूळ होती, तिच्यातून ऊन येत होतं. दोघींचा श्वास एका लयीत चालला होता. अळीबाईनं आपला मुद्दाम थोडा लवकर घेतला, मग थोडा उशिरा. पुन्हा जुळला.

पेट्रोलपंपापाशी लेकीनं आरशात पाहिलं. गालावर पांढरे ओघळ सुकलेले होते. तिनं बोटानं ते खरवडले, बोटाकडे पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "मी मघाशी कशासाठी रडत होते गं?"

अळीबाईला सगळं आठवत होतं. सांगायचं तर सगळं सांगता आलं असतं.

"डोळ्यात धूळ गेली असेल," ती म्हणाली, आणि आपल्या बाजूची काच वर करून घेतली.